सोयरिकीच्या दोन बैठका आणि माझ्या दोन गोळ्या

काही वर्षांपूर्वी मी आमच्या डहाणूच्या चिकूवाडीत विमानतळ बांधायला घेतला होता. चिकू थेट दुबईला जाणार होते. रात्र रात्र झोप नव्हती आणि डोकं इतकं जोरात चालत होतं की मोजणीची दोरी धरायला माणसं कमी पडत होती. धावपट्टीच्या आड येणारी झाडांची एक ओळ मी आडवी केली, तेव्हा माझी बायको नूतन मला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, बायपोलर डिसऑर्डर. मी तेव्हा इतका उंच उडत होतो की मला ती पदवीच वाटली.

त्यांनी ओलान्झपिन सुरू केलं. विमानतळ बंद पडला, घरात शांतता आली. फक्त मी फुगत गेलो. भूक तर अशी की जेवून उठताना पुढच्या जेवणाची चौकशी करायचो.

अशात आमच्या मुलीचं, निधीचं जमलं. मुलगा दीपेश तिच्याच ऑफिसातला, तलासरीचा. निधीने त्याला माझ्या आजाराचं सांगून टाकलं होतं. “त्याच्या आईवडिलांना मात्र तुम्ही सांगा, पप्पा,” ती म्हणाली. मी म्हटलं, आधी ओळख तर होऊ दे.

ती मंडळी आमच्याकडे आली. वडील रामनाथ सर, आश्रमशाळेतून निवृत्त झालेले, आणि आई बकुळाताई. पाहुण्यांसाठी केलेल्या अळूवड्या बऱ्याचशा मीच संपवल्या. मग सर शाळेतल्या परसबागेबद्दल बोलू लागले आणि मी बसल्या बसल्या झोपलो. नूतन म्हणते, घोरलोसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरबाईंना गाठलं. “गोळी बदला, नाहीतर मुलीचं लग्न मोडेल.” त्यांनी हळूहळू जुनी उतरवत अरिपिप्राझोल चढवली. “काही वेगळं वाटलं तर लगेच कळवा,” असं बजावलंही.

भूक आवरली, डोळे उघडे राहायला लागले. पण पायांत काहीतरी शिरलं. बसलो की उठावंसं वाटायचं, उभा राहिलो की चालावंसं. मी ते तब्येत सुधारल्याचं लक्षण धरलं आणि कोणालाच कळवलं नाही. वाडीत फेऱ्या मारताना पाहून नूतनने एकदा हळूच विचारलं, “अहो, परत विमानतळ नाही ना?”

तेवढ्यात तलासरीहून बोलावणं आलं. त्यांच्या ओटीवर मी येरझारा घालायला लागलो. मग अंगणात. मग घराभोवती. आतून बकुळाताईंचा आवाज आला, “यांना घर पसंत दिसत नाही.”

सर बाहेर आले. “विपुलभाई, काही कमी वाटतंय का आमच्यात?”

“छे हो,” म्हणत मी आत जाऊन बसलो. गुडघा उडायला लागला आणि हातातला चहा थेट सरांच्या पांढऱ्या लेंग्यावर गेला. निधी माझ्याकडे बघत होती. आता सांगण्यावाचून इलाज नव्हता.

“सर, मला बायपोलर आहे. मनाचा आजार. आधीच्या गोळीने झोप यायची, या गोळीने बसवत नाही. त्या दिवशी झोपलो तेही त्यामुळेच.”

सर लेंगा झटकायचे थांबले. “म्हणजे माझ्या बोलण्याने नाही? मला महिनाभर तेच लागून राहिलं होतं.”

दीपेश हसला. बकुळाताई हसल्या नाहीत. “हे निधीला होईल का?” त्यांनी सरळ विचारलं.

“इतरांपेक्षा शक्यता थोडी जास्त,” मी म्हटलं. “नक्की कोणी सांगू शकत नाही.”

“मला माहीत आहे, आई. निधीने सांगितलंय,” दीपेश म्हणाला. बकुळाताई रिकामा कप उचलून आत गेल्या. परत येताना गाडीत निधी खिडकीबाहेर बघत होती, आणि माझे पाय तेवढे चालू होते.

आठवड्याने बकुळाताईंचा नूतनला फोन आला. “पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा मी येते.” आणि खरंच आल्या. दवाखान्यात त्यांनी माझ्या आधी तोंड उघडलं. “बाई, या दोन्हींतली चांगली गोळी कुठली?”

“कोणासाठी, त्यावर आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “काहींना पहिलीच लागू पडते. यांच्यासाठी, जिने ते ताळ्यावर राहतील आणि जी ते न चुकता घेतील, ती चांगली.” मग माझ्याकडे वळल्या. “पाय स्वस्थ बसत नाहीत हे महिनाभर का नाही कळवलंत?”

“मला वाटलं, उत्साह आहे.”

बकुळाताईंनी नूतनकडे पाहिलं. “आमचेही असेच. गुडघेदुखी सहा महिने लपवली.”

डोस कमी झाला. पाय थांबायला थोडा वेळ लागला, पण थांबले. लग्न थंडीत, तलासरीलाच झालं. आता माझी डॉक्टरची तारीख जवळ आली की बकुळाताई स्वतः फोन करून आठवण करतात. व्याह्याच्या तोऱ्याला ते शोभत नाही, पण मी फोन उचलतो.