अकरा मुलांचा हत्ती

ठकीच्या आईला पैसे मागता येत नसत. चित्र सांगा, मुंगीच्या मिशा मोजता येतील इतके बारीक काढून देईल. पण 'माझे पैसे' हे दोन शब्द उच्चारायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटे. तरीही, ज्यांना चित्रे करून दिली होती त्या चष्मेवाल्यांना तिने तीनदा फोन केला होता. पहिल्या वेळी हिशेबनीस रजेवर होते. दुसऱ्या वेळी पैसे पुढच्या आठवड्यावर गेले. तिसऱ्या वेळी मात्र चष्मेवाल्यांनी घसा खाकरून सांगितले, की खरे म्हणजे चित्रे जमलेली नाहीत, मुले ती ओळखत नाहीत, तेव्हा पैशांचा विषय आता नको.

फोन ठेवून ती ओट्यापाशी नुसतीच उभी राहिली. पैसे बुडाले तर माणूस चिडतो तरी. चित्र फसले म्हटल्यावर तिला चिडताही येईना.

ज्या लहान मुलांना अजून अक्षरे येत नाहीत, त्यांचे डोळे तपासायला चित्रांचा तक्ता लागतो. तसा तक्ता चष्मेवाल्यांनी तिच्याकडून करून घेतला होता. बारा चित्रे, सहा ओळी. सगळ्यात वर तळहाताएवढे बदक, आणि खाली येता येता शेवटच्या ओळीत मसुराच्या दाण्याएवढी किल्ली. इतक्या लहान जागेत काही दिसायचे तर चित्रातले जास्तीचे सगळे काढून टाकावे लागते. बदकाची पिसे गेली, घराची खिडकी गेली, माशाचे खवले गेले. तीन महिने ती हेच करत होती. एकेक चित्र झाले की फ्रिजवर चिकटवायची आणि साडेपाच वर्षांच्या ठकीला दारात उभी करून विचारायची. ठकीने बाराच्या बारा चित्रे धडाधड ओळखली होती. मग जगातली बाकीची मुले का ओळखत नाहीत?

या पैशांवर तिचे बरेच काही अडले होते. दोन वर्षांपूर्वी छापखान्यातली नोकरी सोडून ती घरी बसून चित्रे काढू लागली, तेव्हा तिने स्वतःलाच बजावले होते, की यावर निभले नाही तर मुकाट्याने परत जायचे. आता छापखान्याच्या मालकांचा निरोप आला होता. तिची जुनी खुर्ची रिकामी झाली होती आणि एक तारखेपर्यंत ते वाट पाहणार होते. नवरा म्हणाला, तुला वाटेल ते कर. पण त्याने भाजीची पिशवी उचलताना जो सुस्कारा सोडला, तो तिला ऐकू आला होता.

सासूबाईंनी तिचे सगळे ऐकून घेतले. त्यांनी तीस वर्षे बालवर्ग शिकवला होता. आवाज चढवलेला कुणाला आठवत नाही, आणि त्यांच्या वर्गातले मूल कधी खोटे बोलून सुटल्याचेही कुणाला आठवत नाही.

"भांडायला नको जाऊस," त्या म्हणाल्या. "बघायला जा. मूल चुकलं तर आपण त्याची पाटी बघतो ना, आधी? तशी त्यांची पाटी बघू. मी येते."

ठकीलाही बरोबर घ्यायचे ठरले. ती चालतीबोलती साक्षीदार.

दुकान अरुंद होते. दोन्ही भिंतींवर चष्म्यांच्या चौकटी लावलेल्या, त्यामुळे आत शिरताच शेकडो डोळे आपल्याकडे बघताहेत असे वाटे. चष्मेवाले त्यांना मागच्या तपासणीच्या खोलीत घेऊन गेले, आणि तिथे समोरच्या भिंतीवर तक्ता लावलेला होता. चौकट करून, वर दिवा सोडून.

सासूबाईंनी तो नीट पाहिला. "नापसंत वस्तू फार हौसेने लावलीत हो," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांचे कान लाल झाले. ते म्हणाले, वरच्या ओळी बऱ्या आहेत, म्हणून आपला ठेवलाय. घोटाळा खालच्या ओळींत आहे. मग त्यांनी डोळे तपासणाऱ्या बाईंना वही आणायला सांगितले. या बाई आतापर्यंत कोपऱ्यात भिंगे पुसत होत्या. त्यांनी प्रत्येक मुलाने काय सांगितले ते तारखेसकट लिहून ठेवले होते. ठकीच्या आईने वही उघडली. किटली: हत्ती. किटली: हत्ती. पुन्हा हत्ती. अकरा मुलांनी हत्ती म्हटले होते. माशाला सात जणांनी पान म्हटले होते.

तिने तक्त्याकडे पाहिले. किटलीची चोच वर वळलेली, मागे कडी, पोट गोल. एकदा हत्ती म्हटल्यावर तिलाही तिथे हत्तीच दिसू लागला. तरी ती चिवटपणे म्हणाली, की माझी मुलगी सगळी ओळखते, आत्ताच दाखवते.

ठकी उंच खुर्चीत बसली, पाय हलवू लागली. बदक, छत्री, घर, फूल, गाडी, झाड. खाली किटली, मासा. शेवटपर्यंत एका दमात. ठकीच्या आईने विजयाने सासूबाईंकडे पाहिले. पण सासूबाई नातीकडे टक लावून बघत होत्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "जरा उलटसुलट विचारा बरं. आमच्या वर्गात मुलं पुस्तक उलटं धरून अख्खा धडा वाचायची."

बाईंनी ठकीचा उजवा डोळा झाकला, छडी उचलली आणि घरावर टेकवली.

"बदक," ठकी म्हणाली.

छडी गाडीवर गेली. "छत्री," ठकी म्हणाली. छडी फुलावर गेली. "घर."

बाईंनी छडी खाली ठेवली आणि विचारले, की बाळा, तुला काय काय दिसतंय ते सांग. ठकीने मान तिरकी केली. वर काहीतरी काळं आहे, ती म्हणाली, बाकी धूर आहे.

"या डोळ्याने असंच दिसतं," तिने सगळ्यांना समजावून सांगितले. "हा झोपलेलाच असतो."

"मग कधी सांगितलं नाहीस ते?" तिच्या आईने विचारले.

"मला वाटलं, सगळ्यांचा एक झोपलेला असतो."

ठकीची आई स्टुलावर बसली. फ्रिजवर चिकटवलेले एकेक चित्र तिच्या डोळ्यांपुढून गेले. कागदावर पहिली रेघ पडल्यापासून ही पोर शेजारी बसून बघत होती. तिला चित्र ओळखायची गरजच नव्हती, ते तिच्यासमोर जन्मले होते. आणि आपण तिच्यावरच चित्रे पारखली.

बाई तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी सांगितले, की घाबरू नका. एक डोळा चांगला असला की मूल त्याच्यावरच भागवते आणि दुसरा आळशी होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. चष्मा देतील, रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगतील. मोठी झाल्यावर हे फार अवघड जाते. आता वेळेत आलात.

वेळेत आलो, ठकीच्या आईच्या मनात आले, ते पैशांसाठी. चष्मेवाल्यांनी पहिल्याच फोनला मुकाट्याने पैसे दिले असते तर तिने या खोलीत पाऊलही टाकले नसते. त्या माणसाचे आभार मानावेत की काय, तिला कळेना. शेवटी तिने बाईंचाच हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग ती उठली आणि चष्मेवाल्यांसमोर उभी राहिली. जीभ टाळ्याला चिकटली नाही.

"किटली चुकली आहे. मासाही चुकला आहे. ते दोन मी पुन्हा काढून देईन," ती म्हणाली. "पण दहा बरोबर आहेत आणि तुम्ही ती रोज वापरता. त्या दहांचे माझे पैसे द्या."

चष्मेवाले टेबलावरची पेन्सिल इकडची तिकडे करत राहिले. मग पुटपुटले, की चूक आहे हे पहिल्यापासून माहीत होते, पण कलावंत माणसाला तोंडावर कसे सांगायचे, म्हणून टाळत गेलो.

"तोंडावरच सांगायचं," सासूबाई म्हणाल्या. अगदी मऊ आवाजात, पाटीवरचे अक्षर सुधारून द्यावे तसे. "पैसे अडवून नाही सांगायचं."

चष्मेवाल्यांनी तिथेच चेक लिहिला. लिहिता लिहिता म्हणाले, की मुलीचा चष्मा माझ्याकडून, त्याचे काही घेणार नाही. ठकीची आई हसली.

"तो मी पैसे देऊनच नेणार," ती म्हणाली. "इथवर कशासाठी आले होते, विसरलात का?"

निघताना बाईंनी संकोचत विचारले, की जुन्या किटलीचे मूळ चित्र मला मिळेल का. अकरा मुलांनी एकमताने सांगितलेला हत्ती आहे, टाकवत नाही. ठकीच्या आईने तो दुसऱ्याच दिवशी पोचवला, आणि खाली कोपऱ्यात 'आभारी आहे' एवढेच लिहिले. त्याच फेरीत तिने छापखान्यात जाऊन खुर्चीला नाही म्हणून सांगितले.

ठकीला निळा चष्मा आला. रोज शाळेतून आली की चांगल्या डोळ्यावर पट्टी बसू लागली. पहिले पंधरा दिवस तिने रडून घर डोक्यावर घेतले. मग सासूबाईंनी झोपाळू डोळ्यासाठी वेगळी शाळाच काढली. त्यात तो डोळा एकटाच विद्यार्थी आणि हजेरीही त्याचीच.

नवा मासा वरच्या मजल्यावरच्या जुळ्या मुलांनी लगेच ओळखला. त्यांनी आधी काहीच पाहिलेले नव्हते. किटली मात्र हट्टी निघाली. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी ठकीच्या आईने सातवी किटली फ्रिजवर चिकटवली. ही तिने शेजारणीच्या घरी बसून काढली होती, मुद्दाम, ठकीच्या नकळत. ठकी पट्टी लावून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि थांबली.

"सांगू नको हं," ती म्हणाली.

आईने तोंडावर हात ठेवला. ठकी डोळा बारीक करून बघत राहिली. एक पाऊल पुढे आली, पुन्हा मागे गेली. सासूबाईंनी हातातले दळणाचे डबे खाली ठेवले.

"किटली आहे," ठकी शेवटी म्हणाली. "पण सोंड अजून थोडी आहे."

ठकीच्या आईने चित्र काढून ओट्यावर ठेवले. दोनदा डोळे पुसले आणि मग खोडरबर शोधायला लागली.