कँडीतली चटणी

आम्ही निलंग्याहून निघालो, त्याच आठवड्यात दीपमालाला सहावा महिना लागला. दोनदा पोट रिकामं झालेली माझी लेक नांदेडला सासरी, आणि मी श्रीलंकेला फिरायला! पाय निघेना. पण तिनंच हाकललं. "आई, तू समोर बसून माझ्या पोटाकडं बघत राहतीस ना, त्यानंच मला भ्या वाटतंय. जा तू आप्पाला घेऊन."

तिचे आप्पा म्हणजे आमचे हे, सिद्रामप्पा. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून मीही त्यांना गुरुजीच म्हणते. त्यांचं एकच वेड. जिथं जावं तिथलं जेवावं. सहलीच्या कंपनीबरोबर आपलाच स्वयंपाकी असतो म्हणे, म्हणून ती कंपनीच त्यांनी नको म्हटली. "लंकेत जाऊन पिठलं खायचं व्हय?"

माझे नेम मात्र आड येणारे. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. मासा-मटण तर घराण्यात कुणी शिवलेलं नाही. आणि लेकीला दिवस गेल्यापासून एक नवा नेम धरलेला, ती सुखरूप बाळंत होईपर्यंत जेवताना मौन. ताटाला हात लावला की आचवेपर्यंत शब्द नाही. त्यामुळं जे विचारायचं ते आधीच विचारून घ्यायचं.

घरून नेलेले धपाटे दोन दिवसांत संपले. कँडीच्या हॉटेलात सकाळी ताटात आल्या वाफवलेल्या तांदळाच्या शेवया, आणि बाजूला लालभडक ओल्या खोबऱ्याची चटणी. पोल सांबोल म्हणतात तिला. खोबरं, कांदा, मिरची, लिंबू. एवढंच दिसलं, म्हणून काही विचारलंच नाही. पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन महिने घास न गिळणारी मी, तीनदा वाढून घेतलं. तिथं राहिलो त्या तिन्ही सकाळी तेच.

मग आम्ही डोंगरातल्या एल्ला गावी गेलो. मल्लिका नावाच्या बाईंनी आपल्या घरातल्याच दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, जेवणही त्यांच्याच हातचं. त्यांनी मला पहिल्या भेटीतच "अक्का" म्हटलं. आमच्या शिवेवर कानडी घरांत मोठ्या बहिणीला म्हणतात तसंच, त्याच अर्थानं. दुपारी बसायच्या आधी गुरुजींकडून विचारून घेतलं. मल्लिकाबाईंनी दोन्ही हात हलवले. मासा नाही, अजिबात नाही.

लाल भात, वरण, घेवड्याची भाजी, चटणी. मी खुशीत जेवायला लागले. आणि मग चटणीत बारीक तपकिरी कण दिसले. कँडीच्या चटणीतही असलेच होते. तेव्हा मला तळलेला कांदा वाटला होता. मी कणांवर बोट ठेवलं आणि गुरुजींकडं बघितलं.

त्यांनी मान खाली घातली.

चाळीस वर्षांच्या संसारात ही मान मी ओळखते. तेवढ्यात मल्लिकाबाईंना वाटलं, अक्काला चटणी हवी. त्यांनी मोठा चमचा भरून वाढली! आता पानात टाकता येत नाही, खाता येत नाही, विचारता येत नाही. घास हातातच राहिला.

"अहो, ह्यात काय हाय?"

बोलून गेले. स्वतःचाच आवाज परका वाटला.

गुरुजी गडबडले. "हितं न्हाई टाकलं गं. मी बजावलं होतं त्यांना. ते कँडीत होतं."

"काय होतं कँडीत?"

"सुक्या माशाची पूड. दुसऱ्या दिवशी वेटरनं सांगितलं मला."

"आन् तिसऱ्या दिवशी मला खाऊ दिलं?"

"तू पोटभर जेवत होतीस," ते हळूच म्हणाले. "किती दिवसांनी बघितलं मी."

मल्लिकाबाई घाबरून आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. भाजलेल्या मिरचीच्या बिया, कुटलेल्या. हेच ते कण. म्हणजे इथलं ताट स्वच्छ होतं, आणि मौन मी फुकट मोडलं. मासा न शिवण्याचा नेम तर कँडीतच मोडून बसला होता, मला न कळता.

मी पान संपवलं. पण दुपारभर जीव थाऱ्यावर नव्हता. पुन्हा अंघोळ केली, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बसले, नाव घेतलं. समोर चहाचे मळे, मन नांदेडला लेकीपाशी. त्या तीन दिवसांत तिकडं काही झालं असेल का? फोन लावायचा धीर होईना.

"पाप लागलंच तर मला लागू दे," गुरुजी म्हणाले.

"आन् लेकीला लागलं तर?"

संध्याकाळी ताटावर बसताना ते म्हणाले, "आजपासून मी बी मौन धरतो. तुझ्याबरोबर, दीपीचं होईपर्यंत."

हा माणूस वाहवा केल्याशिवाय वरणसुद्धा खात नाही! त्यात मल्लिकाबाईंनी कच्च्या फणसाची भाजी केलेली. पहिल्या घासाला त्यांच्या भुवया चढल्या, तोंड लाल झालं, पण दम धरला. बाईंना वाटलं असणार, दोघं भांडलेत. भांडलो होतोच.

तिसऱ्या घासाला फोन वाजला. दीपमाला! गुरुजींनी हातानं खूण केली, नंतर. त्यांचा हात खाली यायच्या आत मी फोन उचलला होता.

"काय गं, काय झालं?"

"काही न्हाई गं, उगंच केला. जेवलात का?"

"जेवायलोत."

"आई? जेवताना बोलायलीस? तुझं मौन?"

"मोडलं. सांगते मागनं. आधी तू सांग, बाळ हालायलंय का?"

"लई! सकाळपासून दम न्हाई त्याला." मग बारीक आवाजात म्हणाली, "मलाच कशाची चव न्हाई बघ. तू काय खायलीस ते तरी सांग ना."

भीती गेली नव्हती. नेमाचं काय करायचं, तेही कळत नव्हतं. पण लेक विचारत होती. मी फोन डाव्या हातात नीट धरला.

"फणसाची भाजी हाय," मी म्हटलं, "नारळाच्या दुधातली. वर मोहरी घातलीया. थांब, घास खाऊन सांगते."

समोर गुरुजींचा बांध फुटला. "लई भारी हाय म्हणून सांग तिला!"