मागचा दिवा बघणारी

मित्रांनो, माझा मागचा दिवा फुटला ते मला लगेच कळलं. माझ्या मालकाला कळायला तीन दिवस लागले. ज्या संध्याकाळी त्याला कळलं, तिथूनच सांगते.

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. पुढे दोन माणसांची जागा आणि मागे उघडा हौदा. माझ्या काळच्या गाड्यांना मागे एकच लाल दिवा असायचा, डाव्या अंगाला. त्या संध्याकाळी हौद्यात पाण्याचे आठ ड्रम होते आणि त्यांना टेकून शेजारची म्हातारी धुरपताबाई बसली होती. उदगीर-मुखेड रस्त्यावरचं आमचं गाव दोन मैलांवर राहिलं होतं. दिवस बुडाला होता आणि सगळीकडे धूळ होती. एक हाडं निघालेली म्हैस आडवी आली. मालकाने ब्रेक दाबला. मागून एसटीची चाकं करकरली आणि ती हौद्याच्या मागच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर थांबली. धुरपताबाईने पाय वर ओढून घेतले होते.

एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला.

"मामा, थांबायलाव ते मागच्याला सांगायची काही सोय हाय का न्हाई? का मनातल्या मनात थांबता?"

"दिवा हाय की," माझा मालक म्हणाला. त्याचं नाव व्यंकटी.

"हाय? या बरं, दाखवा मला."

व्यंकटी मागे आला. काच नव्हती, बल्ब नव्हता, नुसती वाटी राहिली होती. तो वाकून बघत राहिला.

"मला ठाऊकच न्हवतं," तो म्हणाला.

"घरात कुणी बघत न्हाई का मागून?" ड्रायव्हर सहज म्हणाला आणि बसमध्ये चढला. त्याला काही माहीत नव्हतं.

मागून बघणारी एक होती. सगुणाबाई, व्यंकटीची बायको. ती जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. ताप आला, चार दिवस राहिला, आणि उदगीरच्या दवाखान्यातून मीच तिला परत आणलं.

आता माझं थोडं मागचं सांगते. कारखान्यातून निघाले तेव्हा मी हिरवी होते. आधी भोकरकडे सात वर्षं झाडांची रोपं वाहिली. मग नांदेडला लिलावात उभी राहिले. व्यंकटीने घरची देवणी बैलांची जोडी विकली आणि मला घेतलं. मी दारात आले त्या दिवशी सगुणाबाई जेवली नाही. बैलांचे दोर दोन महिने खुंटीवर होते. पण पोळा आला तेव्हा तिने घागरभर पाण्याने मला धुतलं, ओवाळलं, तेलात शेंदूर कालवला आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर उठवतात तसा पंजा माझ्या मागच्या दिव्याशेजारी उठवला.

"गाडीला कसला पोळा?" व्यंकटी हसला होता.

"बैलाच्या जागी आली न्हवं? मग तिला बी पोळा," ती म्हणाली.

तेव्हापासून दर पोळ्याला त्याच जागी तिचा हात पडायचा. आणि रोज संध्याकाळी निघण्याआधी ती मागे उभी राहायची. तो ब्रेक दाबायचा, ती बघायची, पत्र्यावर दोन थापा मारायची आणि म्हणायची, "पेटला. जावा." विहिरीवर मला मागे घेताना तीच सांगायची, "येऊ द्या, येऊ द्या, बास." मित्रांनो, ती गेल्यावर बास म्हणणारं कुणी नव्हतं. त्या संध्याकाळच्या तीन दिवस आधी मी मागे येत होते आणि विहिरीजवळच्या, गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीवर माझा दिवा फुटला. व्यंकटीला वाटलं ड्रम सरकला.

त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. आमच्या गावच्या विहिरीत तळाचे दगड दिसत होते. मुखेडच्या वाटेवरची एक विहीर तेवढी जिवंत होती आणि तिथून पाणी आणायला गावात चालती गाडी मीच एक. लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघून चारच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याचा नवा नियम होता की गाडी पास असेल तरच पाण्याच्या खेपेची चिठ्ठी मिळेल. गाड्या तपासणारे साहेब महिन्यातून एकदा उदगीरला यायचे. ते दुसऱ्याच दिवशी येणार होते. चुकलं तर पुढचा महिनाभर माझ्या हौद्यात पाणी आलं नसतं, आणि गावाच्या घागरीतही नाही.

सकाळी व्यंकटीने घरात पडलेला एक जुना बल्ब बसवून पाहिला. पण ब्रेक दाबून बसायचं आणि मागे येऊन बघायचं, ही दोन्ही कामं एका माणसाला कशी जमणार? त्याने स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, ब्रेकवर ठेवला आणि मागे धावला. तो मागे पोचेपर्यंत वरवंटा घरंगळून खाली पडला. त्याने तीनदा तसंच केलं.

धुरपताबाई ओट्यावरून तो खडखडाट ऐकत होती. "व्यंकटी, गाडीत वाटण वाटायलास का?"

"माय, जरा मागं उभी राहून बघ. लाल दिसतंय का?"

ती आली, डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. "बाबा, मला सूर्य दिसतोय का ते बी लोकायला इचारावं लागतं. पर तू म्हणत असशील तर हाव, लाल हाय."

"खोटं बोलू नको, माय. काल तूच बसली होतीस मागं."

तिचं हसू गेलं. "मग जा उदगीरला. लवकर जा."

वीरण्णाचं दुकान उदगीरच्या अड्ड्याजवळ आहे. तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, तरणा माणूस, तोंडात सुपारी. "बर्री मामा, बर्री," त्याने कानडीत 'या' म्हटलं. त्याने नवा दिवा काढला, नवा बल्ब, नवी काच. दहा मिनिटांत बसवला. साहेब यायला तास राहिला होता.

"दाबा ब्रेक."

व्यंकटीने ब्रेक दाबला.

"सोडा. परत दाबा." वीरण्णा वाकून बघू लागला. मग म्हणाला, "साधा दिवा मिणमिणायलाय. ब्रेक दाबला की हाय तो बी विझायलाय."

वायर तपासली. फ्यूज पाहिला. बल्ब बदलला. पुन्हा तेच. बाहेर रस्त्यावरून दोन ट्रक मैदानाकडे गेले, साहेबांच्या रांगेत लागायला. व्यंकटी वाकून बघायचा, रस्त्याकडे बघायचा, पुन्हा वाकायचा.

"अर्थ लागंना," शेवटी वीरण्णा म्हणाला. "म्हंजी अर्थिंग. करंट येतोय, पर त्याला परत जायला उघडा पत्रा पायजे. मामा, तुमच्या गाडीचा मागचा पत्रा सगळा गंजलाय. बोट लावलं की पापुद्रा पडायलाय. एकच जागा चांगली हाय." त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक शेंदराच्या पंजावर टेकवलं. "हे घासून काढतो. पाच मिन्टाचं काम."

व्यंकटीने त्याचा हात धरला.

"ते सोडून कर."

"दुसरीकडं पत्रा हाय कुठं?"

"वायर वढ की पुढून."

"दोन तास लागतील. साहेब दोन तास थांबत्याल का?" वीरण्णाने सुपारी थुंकली आणि पुन्हा पंजाकडे पाहिलं. "दर साली तेल लागलंय हितं. म्हणून गंज चढला न्हाई. कुणाचा हात हाय?"

व्यंकटीने वीरण्णाचा हात सोडला, आणि वीरण्णाने तो हात आपसूक मागे घेतला.

"किती जागा पायजे?" व्यंकटीने विचारलं.

"रुपायाएवढी. जास्त न्हाई."

"कागद दे. मी घासतो."

त्याने पॉलिश कागदाची घडी केली आणि माझ्यामागे गुडघ्यावर बसला. पंजाचं प्रत्येक बोट त्याने आधी नीट पाहिलं. मग अंगठ्यावर कागद ठेवला. पहिल्यांदा हात चालेना. शेंदराचे थर होते, एकाखाली एक, जितके पोळे तितके. तो हळूहळू घासत गेला आणि खाली पत्रा लागला. चकचकीत. मी कारखान्यातून निघाले तेव्हा तशी असेन.

वीरण्णाने तिथे स्क्रू आवळला. व्यंकटी पुढे जाऊन बसला आणि ब्रेक दाबला. मागून काही आवाज येईना. तो ब्रेक आणखी खाली दाबत होता, मला कळत होतं.

"मामा, पेटला," वीरण्णा म्हणाला आणि सवयीने माझ्या पत्र्यावर हात आपटला. एकदाच.

रांगेत आमचा नंबर शेवटचा होता. साहेब उठायच्या बेतात होते. त्यांनी ब्रेक दाबायला सांगितला, मागे जाऊन पाहिलं, पुन्हा दाबायला सांगितला आणि कागदावर सही केली. चार बोटांच्या पंजाकडे त्यांनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही. संध्याकाळी मी आठ ड्रम घेऊन गावात आले. बायका घागरी घेऊन उभ्याच होत्या.

मित्रांनो, गाडी चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा कधी दिसत नाही. तो पेटला की नाही हे दुसऱ्याने सांगावं लागतं. तुमच्या घरी सायकल असो, गाडी असो, कुणी निघालं की दोन मिनिटं मागे उभे राहा. बघा आणि सांगा. आमच्याकडे आता धुरपताबाई उभी राहते. तिला दिसत नाही, म्हणून ती काचेवर तळहात धरते. बल्ब पेटला की काच कोमट होते. त्याला वेळ लागतो, आणि व्यंकटी तेवढा वेळ ब्रेक दाबून थांबतो.

मीही आता फार दिवसांची नाही. गंज पुढे सरकतोय. जिथे अंगठा होता तिथला पत्रा उघडा आहे, आणि उघड्या पत्र्याला तेल लागतं. यंदाचा पोळा आला तेव्हा व्यंकटीने वाटीत शेंदूर कालवला, माझ्यामागे येऊन उभा राहिला, तिच्या चार बोटांवर आपला कोरडा हात धरून पाहिला आणि वाटी तशीच घरात घेऊन गेला. त्या जागेवर तेल लावायचं अजून राहिलं आहे.