शुभाचा आवाज मंडळात

माझी बायको शुभा मार्चमध्ये कॅन्सरने गेली. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात एकदा तरी गायचं, एवढी एकच तिची इच्छा होती. पण तिला वॉल्टरचं गाणं म्हणायचं असायचं आणि कमिटी म्हणायची, "वहिनी, इंग्रजी कशाला? एखादं भावगीत बसवा ना."

वॉल्टर आमचे शेजारी, वयस्कर गृहस्थ. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. बायको वारली तेव्हा त्यांनी हे गाणं केलं, त्यालाही आता खूप वर्षं झाली. कृष्णवर्णीयांच्या चर्चसंगीतातून आलेल्या सोल ढंगाचं संथ गाणं आहे, त्यांच्या चर्चमध्ये सगळ्यांना पाठ. शुभा तिथे गायची तेव्हा लोक उभे राहून मध्येच ओरडायचे, "गा, बाई, गा!" घरी आल्यावर ती म्हणायची, "आपली माणसं कधी ऐकणार रे मला?"

जानेवारीत वॉल्टरनी चर्चच्या तळघरात तिचं रेकॉर्डिंग केलं. तिला एक ओळ एका दमात म्हणता येत नव्हती. ती थांबली की ते ऑर्गनचा सूर लांबवायचे, तिला दम येईपर्यंत.

गणपतीच्या कार्यक्रमात कमिटीने तिच्या आठवणीसाठी पाच मिनिटं दिली. साउंड बघणाऱ्या परीक्षितला मी पेनड्राइव्ह दिला. त्यात दोन फाइल होत्या, एक शुभाच्या आवाजातली आणि एक नुसत्या ऑर्गनची. मंडळात सगळे कराओकेवरच गातात. परीक्षितने सवयीने ऑर्गनची लावली.

लोक गाणाऱ्याची वाट बघत राहिले. मग कुणीतरी ताल धरला आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. शेजारी बसलेल्या मंडळातल्या सरलाताई मला म्हणाल्या, "शुभा इतकं छान वाजवायची? कधी बोलली नाही!"

मी परीक्षितकडे धावलो. "अरे, तिचा आवाज कुठाय?"

"काका, गाणारं कोणी आलं नाही का?"

"गाणारी गेली रे."

त्याचा चेहरा उतरला. "सॉरी काका. पण आता मुलांचा डान्स आहे, मेकअप करून उभी आहेत. शेवटी लावतो, प्रॉमिस."

त्याने लावलं. तोवर आरती होऊन जेवणाची रांग लागली होती. शुभा गात होती आणि खुर्च्यांच्या घड्या घातल्या जात होत्या. "मसालेभात संपला का हो?" कुणीतरी विचारलं. मी माइक घेऊन म्हणालो, "दोन मिनिटं ऐका." पुढच्या चार-सहा जणांनी वर पाहिलं. बाकीच्यांना वाटलं, कुणाची तरी गाडी हलवायची असेल.

गाणं संपलं. वॉल्टर एकटेच तिसऱ्या रांगेत बसून होते. त्यांनी विचारलं, "परत लावायला सांगू?"

"नको," मी म्हणालो. "त्यांना भूक लागली आहे."

परीक्षितने पेनड्राइव्ह आणून दिला. "पुढच्या वर्षी पहिला आयटम हाच, काका."

"पुढच्या वर्षी कोण ठेवणार रे तिची आठवण," मी म्हणालो आणि वॉल्टरना घेऊन पार्किंगकडे निघालो.