सीटवरची चादर

"तुमचीच गाडी आहे ना? मग टॉवेल कशाला अंथरताय?" ट्रेलरवाल्याने विचारलं.

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दार उघडलं आणि हात आपोआप पिशवीतल्या टॉवेलकडे गेला. दादाच्या गॅरेजमध्ये मी सहा वर्षं काढली, पुढे पंपदुरुस्तीचं माझं स्वतःचं दुकान टाकलं, पण ती सवय काही सुटली नाही. गिऱ्हाईकाच्या गाडीत चादर घातल्याशिवाय बसायचं नाही, हा दादाचा नियम. निळ्या काठाची एक पांढरी चादर त्याने त्यासाठीच ठेवलेली. एकदा घाईत मी तसाच बसलो होतो, तर सगळ्यांदेखत त्याने मला उठवलं आणि सीट पुसायला लावली.

गाडी होती दादाच्या जुन्या गिऱ्हाईकाची, गावातल्या डॉक्टरांची. लाल, बुटकी, दोनच माणसांची, उघड्या टपाची. दादाने ती पंचवीस वर्षं सांभाळली. इंजिन चारदा उतरवून बसवलं, पण चाचणीच्या फेरीपलीकडे कधी चालवली नाही, आणि ती फेरीही चादरीवर बसून. मग डॉक्टर म्हातारपणी लेकीकडे राहायला गेले आणि गाडीही नऊशे किलोमीटर लांब गेली. परवाच्या वर्षी डॉक्टर वारले. गाडी विकायची आहे असं मला कळलं आणि मी लेकीला फोन केला. तिच्याकडे माझ्याहून तालेवार लोक येऊन गेले होते. पण दादाचं नाव ऐकल्यावर ती म्हणाली, "मग तुम्हीच न्या." त्या बाईचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

घाई होती ती दादाच्या डोळ्यांची. एक डोळा गेला होता, दुसऱ्याला भर उजेडात तेवढं दिसायचं, तेही काही महिनेच, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. लाल रंग अजून त्याला कळत होता.

ट्रेलरची ओढायची मोटर जळालेली, म्हणून गाडी चालवतच वर चढवायची होती. आणि ती चालू होईना. अर्धा तास मी इंजिनात डोकं घालून बसलो. शेवटी झक मारत दादाला फोन लावला. एका कारखान्याच्या पंपासाठी जातोय अशी थाप मारून निघालो होतो, त्यावर आणखी एक थाप मारली. एका गिऱ्हाईकाची जुनी गाडी आहे, दुरुस्तीला आपल्याकडेच आणतोय म्हणालो.

त्याने फोन इंजिनाजवळ धरायला लावला. "स्टार्टर मार," म्हणाला. मी मारला. त्याने आणखी दोनदा मारायला लावला. मग म्हणाला, "आता नुसती चावी फिरव. टकटक येते?"

"नाही."

"पेट्रोलचा पंप अडकलाय. उजव्या सीटच्या मागे, खाली. टाचेने हळूच ठोक. जन्मभर पंप उघडलेस आणि बंद पडलेला पंप तुला कळेना?"

ठोकलं. टकटक सुरू झाली, मग गाडीही झाली. मी पडलेला चेहरा घेऊन ती वर चढवली.

ट्रेलरवाला मोठा चौकस माणूस. दर शंभर किलोमीटरला उतरून पट्टे ताणून बघायचा आणि पुन्हा बसला की माझी चौकशी पुढे चालू. मीही सांगत गेलो. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा, दादा पंधराचा. त्याची शाळा सुटली म्हणून माझी चालू राहिली. त्याचे हात काळे झाले आणि माझ्या हातात पंपदुरुस्तीच्या कोर्सचा कागद आला. हे मी त्याच्यासमोर कधी बोललो नाही. आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलरवाला एकदम म्हणाला, "पण पंप सीटच्या मागे आहे, हे तुमच्या दादांना कसं कळलं? तुम्ही तर नुसतं जुनी गाडी म्हणालात."

सहाशे किलोमीटर मी स्वतःला हुशार समजत आलो होतो.

दुपारी घरासमोर पोचलो तेव्हा स्वच्छ ऊन होतं. दादा ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, धुतलेला शर्ट घालून. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, पहाटेपासून दाढी करून बसलेत. तुमचा फोन आल्यावर पेटीतली चादर काढायला लावली, इस्त्रीही करून घेतली." चादर त्याच्या मांडीवर होती. निळा काठ पार फिका झाला होता.

गाडी उतरवली. दादा चाचपडत आला, बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला, मग मान तिरकी करून चांगल्या डोळ्याने रंग बघितला. "लाल आहे अजून," म्हणाला. मग दार उघडून सीटवर चादर अंथरायला वाकला.

मी त्याचा हात धरला. "राहू दे दादा."

"गिऱ्हाईकाची गाडी आहे. मालक कोण हिचा?"

"तू. कागद तुझ्या नावावर केलेत."

चादरीला त्याने दोन्ही हात पुसले, स्वच्छच होते तरी, दोनदा पुसले. मग चादरीची घडी घालून ती माझ्याकडे दिली आणि नुसत्या सीटवर बसला. स्टार्टर मारला नाही. फक्त चावी फिरवली आणि डोळे मिटून टकटक ऐकत राहिला.