झिरो बघा

सुपरवायझरबाईंनी माझ्यासमोर कागद सरकवला आणि शांतपणे म्हणाल्या, "यातलं पेट्रोल कुठे जातं, ते तुम्हीच सांगा."

मी घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्यांची देखभाल करणारी नर्स. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाची नळी बदलायची. गाडी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं. टाकीचा लाल दिवा लागला की तीस लिटर भरायचं, कंपनीने दिलेल्या पैशातून रोख मोजायचे आणि पावती ऑफिसात द्यायची. तीस लिटरमध्ये ही गाडी चारशे वीस किलोमीटर जाते, असं त्या कागदावर होतं. बाकीच्या नर्सांच्या गाड्या जात होत्या. माझी दोनशे ऐंशीवर मान टाकायची. एकदा नाही, बाराच्या बारा वेळा.

"म्हणजे मी पेट्रोल काढून विकते, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाही. आकडे म्हणतायत." त्यांनी चष्मा काढला. "महिनाअखेरपर्यंत मला कारण हवंय. नाहीतर तुमचा करार पुढे वाढवता येणार नाही."

करार गेला की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की या देशात राहायचा परवाना गेला. माझा तर जाणारच, नवऱ्याचाही, कारण त्याच्या कागदावर 'अमुकबाईंचा नवरा' एवढीच त्याची ओळख आहे. महिनाअखेरीला अठरा दिवस होते. मी ऑफिसातून निघाले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या आईबापांची गू-मुतं काढली, औषधाची एक गोळी इकडची तिकडे केली नाही, आणि आता मी पेट्रोलचोर.

नवरा घरी भांडी घासत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"गाडी पीत असेल गं जास्त. जुनी आहे."

"मग गाडी दाखवते."

"पण वाद घालू नकोस कुणाशी. आपण परके आहोत इथे."

"परके आहोत म्हणून चोर आहोत का?"

त्याने घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. माझं असं डोकं फिरलं की तो जास्तीची दोन भांडी घासतो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने गाडी वर चढवली, खालून टाकी पाहिली, पाइप हाताने चाचपले, आणि निर्वाळा दिला की गळती नाही, इंजिन ठणठणीत आहे. मग मला जे येतं तेच मी केलं. आमच्या कामात पेशंटचा एक तक्ता असतो, आत किती गेलं आणि बाहेर किती आलं. किती पाणी प्यायलं, किती सलाइन चढलं, किती लघवी झाली, सगळं तासातासाला लिहायचं. तक्ता जुळला नाही तर पेशंट खोटं बोलत नसतो, आपलंच काहीतरी बघायचं राहिलेलं असतं. तसा तक्ता मी गाडीचा मांडला. लाल दिवा लागला तेव्हा माझ्या नेहमीच्या पंपावर न जाता भलत्याच पंपावर गेले, तीस लिटर भरले आणि रोजचे किलोमीटर लिहीत गेले. दोनशे ऐंशी झाले, दिवा नाही. साडेतीनशे, तरी नाही. चारशे सतरावर दिवा लागला.

म्हणजे गाडी धुतल्या तांदळासारखी होती. गडबड पंपात होती.

आता नेहमीच्या पंपाचं सांगते. तो माझ्या रस्त्यावर नव्हता. चार किलोमीटर आडवाट करून मी तिथे जायचे, कारण तिथे वेंधळा होता, पेट्रोल भरणारा माणूस; हे नाव मीच मनात ठेवलेलं. पहिल्यांदा चुकून गेले तर हा माणूस फोनवर कुणाशी तरी मराठीत भांडत होता. मी काच खाली करून म्हटलं, "सावकाश, समोरच्याला ऐकू येतंय." तो असा दचकला की फोन हातातून पडला. चाळिशीतला, बारीक, टोपी कायम वाकडी. त्या दिवसापासून मी त्याची ताई झाले. मी आले की काच पुसायला धावायचा. "उतरू नका ताई, उन्हात कशाला, मी आहे ना." घरच्या गप्पा निघायच्या. माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते इकडे कामावर कुणालाच माहीत नव्हतं, त्याला माहीत होतं. दर वेळी विचारायचा, आई काठी घेऊन चालते का, जिना चढते का. दिवसभर परक्या भाषेत जीभ वळवून वळवून थकलेल्या माणसाला ती पाच मिनिटं फार असतात. मी अक्षरशः त्या पाच मिनिटांसाठी चार किलोमीटर जायचे.

आणि होता मात्र खरंच वेंधळा. तीस सांगितले की बोलता बोलता दहावरच नोझल थांबवायचा. "अरेच्चा, ताई, गप्पांच्या नादात दहाच टाकले बघा. आता वीस टाकतो." मग पुन्हा सुरू करायचा आणि मीटरवर वीस दाखवून पावती हाताने लिहायचा, कारण छापायचं यंत्र बिघडलेलं. दहा आणि वीस तीस. मी त्याला चिडवायचे, "तुमच्या बायकोचं कसं होत असेल हो?" तोही हसायचा.

तर माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की मशीन खोटं आहे आणि या बिचाऱ्याला पत्ता नाही. मालकिणीने मीटरमध्ये काहीतरी केलं असणार. उद्या पकडले गेले तर मालकीण नामानिराळी आणि हा अडकणार. म्हणून आधी त्यालाच सांगायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "अगं, सरळ दुसरा पंप धर ना. कशाला नसती उठाठेव?" मी म्हटलं, दुसरा पंप धरला तर पुढचं पेट्रोल वाचेल, मागच्या बारा पावत्यांचं काय? त्या माझ्या नावावर आहेत. याचा सोक्षमोक्ष लावल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

पेट्रोलसाठीच विकतात तो पांढरा कॅन आणला, आतलं दिसतं असा. पाच लिटर असं वर लिहिलेलं होतं, पण मी आता कुणाच्या लिहिण्यावर जाणार नव्हते. सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटल्या माझ्याकडे होत्याच. त्यांच्यावरच्या रेघांवर मी वीस वर्षं माणसं जगवली आहेत. रेघेपर्यंत पाणी भरून दहा बाटल्या कॅनमध्ये ओतल्या, जिथे पाणी आलं तिथे पक्क्या शाईने रेघ मारली, कॅन उलटा करून दोन दिवस वाळवला.

महिनाअखेरीला चार दिवस होते. सकाळी दहाच्या सुमारास पंपावर गेले. दुसरी गाडी नव्हती. वेंधळा काच पुसायला आला तर मी दार उघडून खाली उतरले.

"ताई, काय झालं? बसा ना."

"हळू बोला. तुमचं मशीन चोर आहे."

त्याचा चेहरा उतरला. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, बाईंचा कागद, चारशे वीस आणि दोनशे ऐंशी, माझा परवाना, नवऱ्याचा परवाना. "तुमच्यावर येऊ नये म्हणून आधी तुमच्याकडे आले," म्हटलं. "यात पाच लिटर टाका. रेघेच्या खाली राहिलं की आपण दोघं मिळून मालकिणीकडे जाऊ."

त्याने कॅन जमिनीवर ठेवला. नोझल उचललं, मीटर शून्यावर आलं, आणि तो अगदी हळूहळू टाकू लागला. मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होते. मीटरवर पाच झाले. पेट्रोल माझ्या रेघेवर आलं होतं. वर नाही, खाली नाही.

"बघा ताई," त्याने टोपीने कपाळ पुसलं. त्याला केवढं तरी हायसं वाटलं होतं. "मशीन एकदम चोख आहे. उगाच तुम्ही घाबरलात."

मशीन चोख होतं. गाडी चोख होती. मी चोख होते, ते मला ठाऊक होतं. मग त्या जागेवर उरलं कोण?

खरं सांगते, तेव्हा मला राग आला नाही. आधी आमच्या गावच्या पंपावर लहानपणापासून ऐकलेलं आठवलं. तिथला माणूस नोझल उचलायच्या आधी सवयीने म्हणतो, झिरो बघा. गाडी कुणाचीही असो, म्हणतोच. या माणसाने बारा वेळांत मला ते एकदाही म्हटलं नव्हतं. आणि मीही बारा वेळांत बघितलं नव्हतं.

"आता गाडीत टाका," मी म्हटलं. "तीस."

"तुम्ही बसा ना, ताई. ऊन..."

"मी इथेच उभी आहे."

त्याने नोझल जागेवर अडकवून पुन्हा उचललं, मीटर शून्यावर आलं, मग ते टाकीत घातलं. आकडे फिरू लागले. तीन, चार. तो म्हणाला, "आई कशी आहे? जिना चढायला लागली का?" मी उत्तर दिलं नाही. सात, आठ, नऊ. दहावर त्याचा हात थांबला.

कुणी सांगितलं नव्हतं, गप्पाही चालू नव्हत्या. हाताला सवयच लागली होती. तो हाताकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे.

"आता वीस टाकणार ना?" मी म्हटलं. "टाका. पण शून्य करून टाका."

तो हलला नाही. शून्य न करता विसापर्यंत नेलं की टाकीत एकूण वीसच जातात, हे पहिलीतल्या पोराला कळेल. फक्त मला बारा वेळा कळलं नव्हतं.

"सगळ्यांना करता का असं?"

त्याने मान हलवली. नाही. मग म्हणाला, "बाकीचे खाली उतरतात, ताई. मीटर बघतात. तुम्हीच एकट्या बसून राहायच्या."

मग मात्र राग आला. परक्याने फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. याने ताई म्हणून, आईची चौकशी करून, माझ्याच भाषेत केसाने माझा गळा कापला होता. मी त्याला तसंच सांगितलं, याच शब्दांत. तो पाया पडायला वाकला. मी मागे सरले.

"ताई, नोकरी जाईल माझी. आपला माणूस म्हणून एवढी वेळ..."

"माझी चार दिवसांत जातेय. तेव्हा मी तुमच्या कुणी नव्हते का?"

आणि मी मालकिणीच्या खोलीत गेले.

मालकीण जाडजूड, पांढऱ्या केसांची, समोर टेबलावर पंखा. मी बारा पावत्यांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवले होते, कारण नर्स कुठलाच कागद नुसता देऊन टाकत नाही. प्रत्येकीवर तारीख, वेळ, तीस लिटर. मी म्हटलं, मला माणसाबद्दल काही बोलायचं नाही, तुमचं मशीन काय म्हणतं ते दाखवा. मशीनची नोंद आतल्या संगणकात होतीच, पावत्या छापायचं यंत्र बिघडलेलं असलं तरी. तिने एकेक तारीख काढली. माझी वेळ, वीस लिटर. दुसरी तारीख, वीस. सहाव्या पावतीनंतर ती माझ्याकडे न बघताच पुढच्या काढत होती. बाराव्या पावतीला तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. वेंधळा माझ्या कॅनजवळ तसाच उभा होता.

"याला काढून टाकू?" तिने विचारलं.

"तो तुमचा माणूस आहे. मला फक्त सही-शिक्क्याचं पत्र हवंय."

पत्र घेऊन मी थेट ऑफिसात गेले. सुपरवायझरबाईंनी ते दोनदा वाचलं, फाइलला लावलं आणि करारावर सही केली. माफी वगैरे नाही. एवढंच म्हणाल्या, "यापुढे गाडीतून उतरत चला." मी म्हटलं, "आणि तुम्ही संशय घेण्याआधी विचारत चला." घरी नवऱ्याला करार दाखवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मग मीही रडले, पण कशासाठी ते त्याला सांगितलं नाही. परवान्यासाठी नव्हतं ते.

वाटलं होतं, त्या पंपाचं तोंड पुन्हा बघायचं नाही. पण मालकिणीने बुडालेल्या एकशे वीस लिटरच्या चिठ्ठ्या पाठवल्या, दहा-दहा लिटरच्या बारा, त्याच पंपावर चालणाऱ्या. पेट्रोल माझ्या कंपनीचं, मी कोण नको म्हणणार? वेंधळा कामावर होता. चिठ्ठ्यांचे पैसे त्याच्या पगारातून जात होते, असं नंतर कळलं.

मी गाडी लावली आणि खाली उतरले. तीन चिठ्ठ्या त्याच्या हातात दिल्या. त्याने टोपी सरळ केली, नोझल उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "झिरो बघा."

मी बघितला.

आकडे फिरू लागले. दहा गेले. हात थांबला नाही. पंधरा झाले, सोळा झाले, तेव्हा तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई बरी आहे का?"

त्या शहरात हा प्रश्न विचारणारं दुसरं कुणी मला अजूनही भेटलं नव्हतं.

"जिना चढते आता," मी म्हटलं, आणि तीस होईपर्यंत मीटरवरून नजर काढली नाही.