बिनआवाजाचा कॅमेरा

मानोऱ्याच्या बसस्टँडमागे उकंडरावाचा फोटो स्टुडिओ होता, आणि गेले दोन दिवस तो एका वापरलेल्या कॅमेऱ्याशी मनातल्या मनात भांडत बसला होता. वाशिमच्या दुकानदाराने तो पारखायला दिला होता. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर उद्या संध्याकाळपर्यंत परत.

गुण पुष्कळ होते. अंधाऱ्या खोलीतही फ्लॅश लागत नसे. समोर माणूस आला की कॅमेरा आपणहून त्याचे डोळे शोधून तिथे नजर लावी. पण अंगाने जड, बॅटरी बघता बघता खाणारा, आणि मेनू इतका लांबलचक की आत शिरलेल्या माणसाने बाहेरची वाट विसरावी. शिवाय फोटो निघताना आवाज नाही. पहिल्या मालकाने तो मेनूत कुठेतरी बंद करून ठेवला होता आणि उकंडरावाला ती जागा सापडत नव्हती.

"त्याले आवाज नाही, तुमाले बी नाही," चहा ठेवताना त्याची बायको पंचफुला म्हणाली. "जोडा मस्त जमला."

"जुन्याचा खटका ऐकू ये. माणसाले कळे, झालं म्हणून."

"मंग तोंडानं सांगा."

ते त्याला जमण्यासारखे नव्हते. तीस वर्षे गिऱ्हाइकाशी बोलायचे काम जुन्या कॅमेऱ्यांनीच केले होते.

दुपारी जवळच्या तांड्यावरची धनीबाई आली, नात राखीला घेऊन. परवा त्यांची गाडी ऊसतोडीला निघायची होती. दरवर्षी राखीही जायची. यंदा पहिल्यांदाच ती आश्रमशाळेत राहणार होती. पेटीत ठेवायला तिला दादीचा फोटो हवा होता. घरी एक होता, उकंडरावानेच काढलेला. तो पोरीला नको होता.

"काहून वं?" पंचफुलाने विचारले.

"त्यातली दादी भलतीच कोणी वाटते."

उकंडरावाला ते लागले. फोटो त्याला आठवत होता. स्वच्छ, रेखीव, आणि बाई जणू पोलिसासमोर उभी. धनीबाईची रीतच ती. कॅमेरा समोर आला की श्वास धरायची आणि खटका ऐकूनच सोडायची. तांड्यावरच्या बहुतेक म्हाताऱ्या तशाच. हललं की फोटो बिघडतो, असं त्यांना कधीकाळी कुणी सांगून ठेवलं होतं. श्वास सोडा, असं त्याने कुणाला म्हटलं नव्हतं. आज पुन्हा तसंच झालं, तर पोरीला सहा महिने त्या भलत्याच बाईबरोबर काढावे लागणार होते.

धनीबाई स्टुलावर बसली. ओढणीवरच्या आरशांत खिडकी लखलखली. तिने श्वास धरला. उकंडरावाने कळ दाबली. ती वाट पाहत राहिली. त्याने पुन्हा दाबली. बाईचे गाल फुगले.

"काहाडतं का नाही, भाऊ?" ती धापा टाकत म्हणाली. "माहा जीव घेतं का?"

राखी खिदळली. "दादी, तू बेडकावानी दिसून राह्यली!"

"बेडूक? थांब तुले..." धनीबाईने वळून पोरीचा कान धरला, आणि कान धरता धरता सुटलेली वेणी दिसली म्हणून तीच घालायला लागली. "तिथं कोण घालून देईन तुही वेणी? सांग ना. आता हासून राह्यली!" बोलता बोलता तीही हसली. ओढणी डोक्यावरून खांद्यावर आली होती.

उकंडराव नुसता कळ दाबत राहिला.

कॉम्प्युटरवर वेणी घालतानाचा फोटो येताच राखी ओरडली, "हेच! हेच माही दादी!"

धनीबाईचा चेहरा उतरला. उघडं डोकं, उघडं तोंड, पडलेला दात. "हा कायले काहाडला? मी तयार नव्हती. पुसून टाक."

ती खरं तेच बोलत होती. खटका वाजला असता तर तिला कळलं असतं. तो आवाज नसणं हा कॅमेऱ्याचा गुण की दोष, हे उकंडरावाला सांगता आलं नसतं. गप्प राहिलो तो दोष मात्र आपला, एवढं त्याला कळलं.

"चुकलं, बाई. सांगायले पायजे होतं. पुसतो."

राखी पाठ फिरवून दाराकडे पाहत उभी राहिली.

धनीबाईने तिच्या पाठीकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. "मी अशी दिसते का, भाऊ?"

"घरी अशाच दिसत असान," उकंडराव अडखळत म्हणाला. "म्या आज पाह्यलं. तीस वर्षांत नोतं पाह्यलं."

तिने ओढणी पुन्हा डोक्यावर घेतली. मग म्हणाली, "दे तिले. पण कोनाले दाखवजो नको वं."

"दाखवीन," राखी म्हणाली.

"आता हिचा बी काहाड. मले उसाच्या फडात पायजे. पण सांगून काहाड."

कॅमेरा ठेवायचा, हे उकंडरावाने त्याच क्षणी ठरवलं. राखी स्टुलावर बसली. त्याने घसा खाकरला आणि पंचफुला आतून धावत बाहेर यावी एवढ्या मोठ्याने म्हणाला, "काहाडून राह्यलो हो!"

राखी ताठ झाली. डोळे वटारले, गाल फुगले, श्वास बंद.

"श्वास सोड, बाई," तो म्हणाला. पोरगी सोडेना.

"राहू दे, भाऊ," धनीबाई म्हणाली. "असाच काहाड. आमच्या घरचंच तोंड हाय ते."